राखून ठेवलेली मिनिटे

गुरुदत्त सोहोनींनी बायकोला खरी वेळ कधी सांगितलीच नाही. लग्न साडेअकराचे असले की ते अकराचे सांगायचे. दाताच्या डॉक्टरने सहाला बोलावले तर साडेपाच. हावड्याहून गाडी पकडायची असली की चांगली पाऊण तास अलीकडची वेळ, आणि तीही इतक्या गंभीर चेहऱ्याने, की नव्या माणसाने ताबडतोब चपला घालाव्यात. शैला काही नवी राहिली नव्हती. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिला हे गणित तोंडपाठ झाले होते. नवरा सांगेल त्यात अर्धा तास मिळवायचा, प्रवास असला तर पाऊण. भाचीच्या लग्नात एकदाच ती मिळवायला विसरली, तर दोघे इतके आधी पोचले की मांडववाल्याने सोहोनींच्या हातात खुर्च्या दिल्या आणि ओळीत मांडायला सांगितल्या. त्यांनी मांडल्याही, अगदी सरळ रेषेत.

याला कुणी खोटे बोलणे म्हटले तर सोहोनींना राग येई. त्यांच्या लेखी तो 'अलाउन्स' होता, आणि अलाउन्स हा त्यांच्या पोटापाण्याचा धंदा.

सोहोनींचे आजोबा नागपूरहून रेल्वेच्या नोकरीत कलकत्त्याला आले ते इथलेच झाले. वडील रेल्वेत, मग तेही रेल्वेत. गार्डन रीचच्या कचेरीत गुरुदत्त सोहोनींनी चौतीस वर्षे गाड्यांची वेळापत्रके बसवली. हे काम तेव्हा भल्यामोठ्या आलेखाच्या कागदावर चाले. उभ्या बाजूला स्टेशने, आडव्या बाजूला तास आणि मिनिटे, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेषा. रेषा जितकी उभी तितकी गाडी वेगात, जितकी कललेली तितकी सावकाश, आणि अगदी आडवी झाली की गाडी स्टेशनात उभी. गाडी वाटेत रखडणार हे गृहीतच असते. कुठे सिग्नल पडत नाही, कुठे गुरे आडवी येतात, कुठे कुणी साखळी ओढतो. म्हणून शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे कागदावर दहा-पंधरा मिनिटे जास्तीची टाकून ठेवायची. गाडी वेळेत असली तर बाहेर सिग्नलपाशी उगीच उभी राहते आणि लोक रेल्वेला शिव्या घालतात. उशिरा असली तर ती मिनिटे खाऊन बरोबर ठरल्या वेळेला आत येते, आणि वाटेत तिचे काय झाले ते कुणाला कळतसुद्धा नाही. ही राखीव मिनिटे म्हणजेच अलाउन्स, आणि तो कुठे आणि किती टाकायचा यात सोहोनींचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वतः मात्र हा माणूस नागपूरपलीकडे फारसा गेला नाही. गाड्या त्यांनी कागदावरच चालवल्या आणि त्याचे त्यांना काही वाटत नसे.

वाटायचे ते शैलाला. तिचे वडील बँकेतले, बदलीवर कलकत्त्याला आलेले. त्यांची पुढची बदली व्हायच्या आत तिचे लग्न झाले आणि ती कलकत्त्यातच, बेहाला भागात, राहिली. बालीगंजच्या एका मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे तिने इतिहास शिकवला. सहावीला ग्रीस आणि रोम. दरवर्षी जुलैच्या सुमाराला ती फळ्यावर अथेन्सच्या टेकडीवरचे देऊळ काढायची, खांबांसकट, आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारायची, "मिस, तुम्ही बघितलंय?" शैला सांगायची, "अजून नाही." अठ्ठावीस वर्षे हेच उत्तर दिल्यावर माणसाला त्या 'अजून'ची लाज वाटू लागते. तिने ते नवऱ्याला एकदाच बोलून दाखवले होते.

सोहोनींनी ते ऐकले आणि आपल्या पद्धतीने मनावर घेतले. कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवर त्यांना युरोपातल्या गाड्यांचे आणि बोटींचे एक जुने जाडजूड वेळापत्रक मिळाले होते. लोक कादंबऱ्या वाचतात तसे ते हे वाचत. निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरला आणि सहल आखली. नेपल्स, तिथून पॉम्पेई, मग पाएस्तुमची देवळे, बारीहून रात्रीच्या बोटीने ग्रीस, अथेन्स, तिथून एका ग्रीक बेटावरून बोटीने तुर्कस्तानात सेल्चुक, म्हणजे एफेससचे अवशेष. बावीस दिवस. त्यांच्याकडचे पुस्तक उन्हाळी आवृत्तीचे होते, हिवाळी काही केल्या मिळाले नाही, म्हणून सहल उन्हाळ्यातलीच ठरली. पुढे सगळी वेळापत्रके फोनवर दिसू लागली, तरी सोहोनींची सहल उन्हाळ्यातून हलली नाही.

आणि घरातूनही हलली नाही. एका वर्षी सोहोनींच्या आईचे आजारपण, मग शैलाचा मोतीबिंदू, मग करोना, मग मुलीचे, वैदेहीचे, पुण्याला बिऱ्हाड लावायचे. सोहोनी दर फेब्रुवारीत नवा कागद आणून बोटींच्या बदललेल्या वेळा भरून सुधारित आवृत्ती काढत, आणि दर जूनमध्ये ती गुंडाळून कपाटावर ठेवत. कपाटावर बारा गुंडाळ्या झाल्या होत्या. पाहुण्यांना वाटे कॅलेंडरे आहेत.

यंदाची तेरावी. यंदा त्यांनी दोन रेषा काढल्या, हे शैलाने जाता-येता पाहिले होते. आजवर दोघांची मिळून एकच काळी रेषा असायची. या वेळी निळी त्यांची आणि तांबडी तिची. तिला वाटले, म्हातारपणी हौस वाढली.

"यंदा चार जुलैला निघायचं," सोहोनी म्हणाले. "यंदाच. पुढे नाही."

शैलाने सवयीने मिळवून टाकले. हा माणूस साडेअकराच्या लग्नाला अकराचे म्हणतो. हा 'यंदाच' म्हणतोय, म्हणजे अजून दोन-तीन वर्षे खुशाल आहेत.

तिची अडचणही खरी होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचे मराठी नाटक ती बावीस वर्षे बसवत आली होती. इथेच वाढलेली ही मुले. घरी मराठी, दाराबाहेर बंगाली, शाळेत इंग्रजी. ओवी नावाची एक चुणचुणीत मुलगी तर बंगालीच्या वळणाने अजून 'पाणी खाल्लं' म्हणायची आणि चूक सांगितली की चकित व्हायची.

"यंदा नको हो," शैला म्हणाली. "या पोरांच्या तोंडी चार वाक्यं बसवायला जुलै-ऑगस्ट अख्खे लागतात. पुढच्या उन्हाळ्यात नक्की जाऊ."

सोहोनी एरवी वाद सोडणारे गृहस्थ नव्हेत. दुधाच्या पिशवीवरच्या तारखेवरून ते अर्धा तास बोलू शकत. या वेळी ते कागदाकडे बघत राहिले. "व्हिसाचं तरी करून ठेवू," एवढेच म्हणाले. "बोटांचे ठसे द्यायला दोघांनी जावं लागतं. एप्रिलच्या तेराची अकराची वेळ मिळाली आहे."

जाऊन यायला काय हरकत आहे, असे शैलाला वाटले. व्हिसा मिळाला म्हणजे गेलेच पाहिजे असे थोडेच असते.

तेरा तारखेला सोहोनींनी सांगितले, "साडेनऊला टॅक्सी. साडेनऊ म्हणजे साडेनऊ." शैलाने ते दहा धरले. साडेनऊला तिला मंडळाच्या चैत्रालीचा फोन आला, मुलांच्या कपड्यांबद्दल. चैत्राली नाटकात तिची मदतनीस, बोलायला लागली की थांबत नाही. सोहोनी दाराशी बूट घालून उभे होते. एकदा त्यांनी घड्याळ दाखवले. शैलाने हाताने 'आलेच' अशी खूण केली. टॅक्सी दहाला पाच कमी असताना सुटली आणि शैला मनात म्हणाली, बघ, पाच मिनिटे आधीच.

सॉल्ट लेकला दोघे पोचले तेव्हा अकराला बारा मिनिटे कमी होती. व्हिसाच्या कचेरीचा रस्ता पाइप टाकायला खणून ठेवलेला, टॅक्सी कोपऱ्यावरच थांबली. पुढे पाच मिनिटांची चाल. शैला फाइल घेऊन झपझप निघाली. दारापाशी पोचून मागे वळली तर सोहोनी दिसेनात. मग दिसले. खणलेल्या मातीच्या कडेने ते येत होते, एक हात खिशात, दुसरा कुंपणावर. मध्येच थांबले. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे थांबले आणि पुन्हा निघाले. शैलाने हाक मारली, मग वैतागली, मग परत निम्म्यापर्यंत चालत गेली. दाराशी दोघे आले तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.

दरवान सभ्य होता. त्याने आत विचारूनही पाहिले. अकराची तुकडी आत गेली होती, दुपारपर्यंतच्या सगळ्या वेळा भरलेल्या होत्या. नवी तारीख घ्या, असे त्याने सांगितले. शैलाने तिथेच पायरीवर उभे राहून फोनवर पाहिले. पहिली मोकळी तारीख जूनच्या चोविसाची. त्यापुढे व्हिसाला लागणारे दिवस धरले तर चार जुलै हातचा गेलाच.

"जाऊ दे," ती म्हणाली. "बरंच झालं म्हणा. पुढच्या वर्षीच जाऊ, निवांत."

सोहोनी पायरीवर बसले होते. घाम पुसून ते म्हणाले, "चूक माझी. साडेनऊ ही खरीच वेळ होती. त्यात अलाउन्स नव्हता. होता तो मी रस्त्याला लावला होता."

"एवढ्याशा रस्त्याला?"

परत येताना टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. वेळ चुकली याचे वाईट वाटणारच, आयुष्यात पहिल्यांदा चुकली असेल, असे शैलाला वाटले. पण 'साडेनऊ ही खरीच वेळ होती' हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तिला लवकर जाग आली. एरवी ती पावणेसातला उठायची. सोहोनी तोवर दूध, पाव आणि पूजेची फुले आणायला गेलेले असायचे आणि सातच्या ठोक्याला परत यायचे. दुधाचे दुकान चार मिनिटांवर. साडेसहाला निघतात, वाटेत वर्तमानपत्रवाल्याशी गप्पा मारतात, अशी तिची समजूत होती. आज तिला दाराची कडी ऐकू आली तेव्हा घड्याळात सहाला दहा मिनिटे कमी होती.

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. पहिल्या मजल्यावरून गल्ली थेट दुकानापर्यंत दिसते. सोहोनी चालत होते. वीतवीतभर पावले टाकत होते, आणि तळवे उचलत नव्हते. मिठाईच्या बंद दुकानापाशी त्यांचा पाय जमिनीला चिकटला. अगदी चिकटला. वरचे अंग पुढे जायला निघाले आणि पाय जागचा हलेना. त्यांनी विजेच्या खांबाला हात लावला, खाली बघत काहीतरी पुटपुटले, बहुतेक आकडे मोजत असावेत, आणि पाय सुटला. शैलाने घड्याळ पाहिले. ती वेळापत्रकवाल्याची बायको होती. जायला तेवीस मिनिटे लागली, यायला सव्वीस.

फाटकापाशी आल्यावर त्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली. उजवा हात खिशात घातला, खांदे ताठ केले, मनगटावर वेळ पाहिली. सातला अजून अवकाश होता. मग ते फाटकाबाहेर तसेच उभे राहिले, आउटर सिग्नलला गाडी उभी राहते तसे. सातला जिना चढले आणि बेल वाजली.

"आज लवकर उठलीस," ते आत येत म्हणाले.

"हो," शैला म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

तिला आधी राग आला. हा माणूस किती दिवस आपल्याला असा वेळेवर येऊन दाखवत होता? तिने हात थरथरताना पाहिला नव्हता असे नाही. विचारले तेव्हा म्हणाले होते, चौतीस वर्षे पेन्सिल धरली, आता हात सुट्टी मागतोय. तिने ते हसून सोडून दिले होते. मग रागाची लाज वाटली, कारण गेल्या वर्षभरात ती त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंतसुद्धा चालली नव्हती. बाहेर जायचे तर दारातच टॅक्सी.

ते आंघोळीला गेल्यावर तिने टेबलावरचा कागद नीट उलगडला. या रेषा वाचायला ती लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकली होती, नवीन नवऱ्याशी बोलायला दुसरा विषय नव्हता म्हणून.

गाडीत आणि बोटीत दोन्ही रेषा एकावर एक होत्या. पायी चालायचे आले की फुटत होत्या. पाएस्तुमला स्टेशनापासून देवळांपर्यंत तांबडी रेषा दहा मिनिटांत पोचत होती. निळी तिच्याआधी निघून, कलून कलून, बेचाळीस मिनिटांत. दोघे पोचत होते मात्र एकाच वेळी. पुढच्या दिवशीही तेच. रोज सकाळी निळी रेषा हॉटेलातून आधी निघत होती आणि शेजारी लिहिले होते, 'गु. फेरफटका.' दुधाच्या दुकानाची युक्ती हा माणूस इटलीत आणि ग्रीसमध्येही चालवणार होता. बावीस दिवस. स्टेशनांच्या नावांचे अक्षर वरून खाली बारीक होत गेले होते. 'नेपल्स' सोहोनींच्या नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात होते आणि 'सेल्चुक' वाचायला शैलाला चष्मा पुसावा लागला.

अथेन्सला निळी रेषा टेकडीखाली पूर्ण आडवी झाली होती. तांबडी एकटीच वर गेली होती.

तिने शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे अलाउन्स शोधला. तो तिथेच असतो, गेल्या बारा आवृत्त्यांत तिथेच होता. यंदा नव्हता. पाएस्तुमला नव्हता, बोटीआधी नव्हता. सगळ्या कागदावर एकाच ठिकाणी होता. अथेन्सच्या टेकडीवर, तांबड्या रेषेवर, पेन्सिलीने मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते, 'अ. ३ तास.'

सोहोनी आंघोळ करून आले तेव्हा ती कागदासमोर बसली होती. दोघांनाही काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

"कधीपासून?" तिने विचारले.

"दीड वर्ष. पार्किन्सन्स म्हणतात." ते समोरच्या खुर्चीत बसले. "सॉल्ट लेकला जुन्या सहकाऱ्यांना भेटायला जातो म्हणायचो ना, ते डॉक्टरकडे जायचो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. सहल झाली की."

"आणि डॉक्टर काय म्हणतात?"

"यंदाचा उन्हाळा पायांवर काढाल म्हणाले. पुढच्याचं बोलायला तयार नाहीत. माझ्यात फार भराभर चाललंय म्हणे."

शैलाने विचारले, कारण विचारल्याशिवाय तिला राहवणे शक्य नव्हते, "यात तुमचं राखलेलं किती?"

"काहीच नाही," सोहोनी म्हणाले. "त्यांनी सांगितलं तेवढंच सांगितलं."

तिला रडू आले आणि ती रडली. सोहोनींनी कागद जरा बाजूला सरकवला, ओला होऊ नये म्हणून. हे तिने रडता रडताही पाहिले आणि तशातही तिला त्या माणसाची चीड आली.

"मीही खाली बसेन तुमच्याजवळ," ती डोळे पुसत म्हणाली. "नाहीतर तिथे वर जायला लिफ्ट आहे म्हणतात."

"आहे. खुर्चीतल्या माणसांसाठी. मी अजून खुर्चीत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तू वर जायचंस. मी काय, गाड्या तरी कुठे बघितल्या? मला खालून चालतं."

"तीन तास मी वर एकटी करू काय?"

"खांब मोज. फळ्यावर तू सहाच काढायचीस. समोरून आठ आहेत."

"फळा अरुंद होता."

"म्हणूनच म्हणतो, मोजून ये. सकाळी आठची वेळ धरली आहे. जुलैत दुपारी ऊन फार झालं की बंद करतात."

शैलाने कागद पुन्हा पुढ्यात ओढला. "एक बदल करायचा," ती म्हणाली. "हे रोजचं आधी निघणं बंद. फेरफटका वगैरे काही नाही. चाळीस मिनिटं लागतात तर मलाही चाळीसच लागतील. टेकडी सोडून."

"तुझा वेळ फुकट जाईल."

"तो माझा आहे."

सोहोनींनी खोडरबर शोधला. तांबडी रेषा खोडून निळीवर बसवायला त्यांना अख्खी सकाळ लागली. शैलाने मदत करू म्हटले नाही. ती फोन घेऊन बसली होती, मोकळी तारीख शोधत.

पुढचे पाच दिवस तिने दुसरे काही केले नाही. कुणी वेळ रद्द केली की ती यादीत दिसते, असे वैदेहीने पुण्याहून सांगितले होते. मायलेकींनी वाटणी केली, सकाळ आईची आणि संध्याकाळ लेकीची. वडिलांचे कळल्यावर वैदेही फोनवर एवढेच म्हणाली, "मी बघते, तू पोळ्या कर." चैत्रालीला शैलाने सांगून टाकले की यंदा नाटक तिने बसवायचे. चैत्राली घाबरली. तिचे स्वतःचे मराठी निम्मे बंगाली. "मुलं पाणी खातील, मावशी," ती म्हणाली. "खाऊ दे," शैला म्हणाली. बावीस वर्षांत ती असे पहिल्यांदाच म्हणाली होती, आणि म्हटल्यावर तिला काही विशेष वाटले नाही.

सहाव्या दिवशी सकाळी एक वेळ मोकळी झाली. बावीस एप्रिल, सव्वाअकरा.

"किती वाजता निघायचं?" सोहोनींनी विचारले. आजवर हा प्रश्न त्या घरात शैला विचारायची.

"आठला," शैला म्हणाली.

ती दोघे पावणेदहाला पोचली. खणलेला रस्ता अजून तसाच होता. कोपऱ्यापासून दारापर्यंत शैला त्यांच्या शेजारून चालली, त्यांच्याच पावलाने. इतके सावकाश चालणे तिला जड गेले. दोनदा ती नकळत पुढे गेली आणि थांबली. पाय चिकटला तेव्हा सोहोनी मोजू लागले तसे तिनेही मोजले, मोठ्याने, शाळेतल्या बाईच्या आवाजात. मागून येणारा एक माणूस वळून बघून गेला. दारात त्याच दरवानाने त्यांना ओळखले आणि सव्वाअकरापर्यंत आतल्या खुर्च्यांवर बसू दिले. दीड तास दोघे बसून होते. एवढ्या आधी पोचूनही शैला एका शब्दाने कुरकुरली नाही, आणि सोहोनींना त्याची गंमत वाटली असावी, कारण ते मधूनमधून घड्याळ बघून तिच्याकडे बघत होते.

ठसे घ्यायला एक तरुण मुलगी होती, कादंबरी नावाची, छातीवर पाटी लावलेली. शैलाचे ठसे एका मिनिटात झाले. सोहोनींनी उजव्या हाताची चार बोटे काचेवर ठेवली आणि हात नाचू लागला. यंत्राने तांबडा दिवा दाखवला. पुन्हा ठेवली, पुन्हा तांबडा. बघणारे आहेत हे कळल्यावर हात जास्तच थरथरायला लागला. तिसऱ्यांदाही तेच झाले. सोहोनींनी हात काढून खिशात घातला आणि भिंतीकडे बघू लागले. चौतीस वर्षे या हाताने पट्टीशिवाय सरळ रेषा काढली होती.

शैला उठून काउंटरपाशी गेली. तिने त्यांचा हात खिशातून बाहेर काढला, मनगट घट्ट धरले, आणि दुसऱ्या हाताने त्यांची बोटे वरून काचेवर दाबून ठेवली. असे चालते का, हे तिने विचारले नाही. मुलीने यंत्र पुन्हा चालू केले. थरथर शैलाच्या कोपरापर्यंत येत होती. हिरवा दिवा लागायला बराच वेळ लागला, पण लागला.

मुलीने कागद पुढे घेतले आणि बंगालीत म्हणाली, "निघायची तारीख चार जुलै लिहिली आहे. सध्या गर्दी आहे, व्हिसाला उशीर होऊ शकतो. दोन-तीन आठवडे पुढची टाकू का? हातात थोडा वेळ राहील."

सोहोनींनी शैलाकडे पाहिले. असा सल्ला त्यांनी जन्मभर लोकांना दिला होता.

शैलाने अजून त्यांचे मनगट सोडले नव्हते. "नको," तिने मुलीला सांगितले. "चारच राहू दे."